जुनी तिपाई विकत घेताना

छायाचित्रकार जिला ट्रायपॉड म्हणतात, ती कॅमेऱ्याची तिपाई हे छायाचित्रणाच्या साहित्यातील फारच थोडे बदललेले साधन होय. १८३९ मध्ये दाग्युएरची पद्धत जाहीर झाली तेव्हा एका चित्रासाठी काही मिनिटे लागत. १८५१ नंतर ओल्या कलोडियनच्या पद्धतीने हा अवधी सेकंदांवर आणला. तरीही इतका वेळ कॅमेरा हातात निश्चल धरणे माणसाला शक्य नव्हते. १८६३ ते १८७० या काळात भारतात काम करणाऱ्या सॅम्युएल बोर्नने हिमालयाची जी दृश्ये टिपली, त्यांसाठी काचा, रसायने आणि अंधाराचा तंबू यांच्याबरोबर कॅमेऱ्याचा आधारही हमालांच्या पाठीवरून डोंगर चढत असे. आजचा कॅमेरा सर्वस्वी निराळा आहे. तिपाईचे काम मात्र तेच राहिले आहे. म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वीचा कॅमेरा कपाटात ठेवण्याजोगा झाला असला, तरी त्याच वयाची तिपाई आजही उपयोगी पडू शकते.

परंतु ‘उपयोगी पडू शकते’ आणि ‘विकत घ्यावी’ यांत अंतर आहे. जुन्या बाजारात तिपाई पसंत पडल्यास ग्राहकाने प्रथम स्वतःला विचारावे, की ही वस्तू आपल्याला कामासाठी हवी आहे की संग्रहासाठी? या दोन हेतूंच्या मागण्या परस्परविरोधी असतात. काम करणारा झिजलेला स्क्रू काढून नवा बसवील, लाकडाला तेल पाजील, गरज पडल्यास नवे भोकही पाडील. संग्राहकाच्या दृष्टीने यांतील प्रत्येक दुरुस्तीने वस्तूचे मोल घटते. संग्रहाची किंमत देऊन कामाची वस्तू आणणे, हा या व्यवहारातील नेहमीचा तोटा होय.

दुसरा प्रश्न ओळखीचा आहे. लाकूड व पितळ यांची प्रत्येक तिपाई कॅमेऱ्याची नसते. भूमापनाचे थिओडोलाइट ज्यावर ठेवतात ती तिपाईही अशीच भक्कम दिसते. मात्र तिच्या माथ्यावरील स्क्रू बहुधा ५/८ इंचाचा असतो आणि तो कॅमेऱ्याला बसत नाही. याशिवाय केवळ शोभेसाठी बनवलेल्या तिपाया असतात. रुडकी येथे १८४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. भूमापन-उपकरणांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे आणि तेथे पितळी दुर्बिणी व त्यांच्या लाकडी तिपाया दिवाणखान्यासाठीही तयार होतात. त्यांत लबाडी नाही. मात्र कोणी अशी नवी वस्तू ‘इंग्रजांच्या काळातली’ म्हणून विकू लागल्यास ग्राहकाने सावध असावे. शोभेच्या तिपाईचे सांधे जड कॅमेऱ्याचा भार पेलण्यासाठी केलेले नसतात.

आता मुख्य कसोटी. तीन पाय उंचसखल जमिनीवरही एकाच वेळी टेकतात, त्यामुळे तिपाई डुगडुगत नाही. मात्र न डुगडुगणे म्हणजे निश्चल असणे नव्हे. धक्का बसल्यावर उठलेला कंप किती लवकर शमतो, यावर चित्राची स्पष्टता अवलंबून असते. याबाबतीत लाकूड अ‍ॅल्युमिनियमहून सरस ठरते, कारण त्याच्या तंतूंत कंपाची ऊर्जा लवकर जिरते. म्हणून अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाच्या तिपाया आजही बनवल्या जातात. पायाची जाडीही महत्त्वाची आहे. लांबी तीच ठेवून भरीव दांड्याचा व्यास दुप्पट केला, तर त्याचा ताठरपणा सोळापट होतो. म्हणून पाच तुकड्यांत उघडणाऱ्या, शेवटी बोरूसारख्या बारीक होणाऱ्या पायांपेक्षा दोन-तीन तुकड्यांचे जाड पाय चांगले.

परीक्षा दुकानातच करता येते. पाय पूर्ण उघडून सर्व कळा आवळाव्यात आणि माथा दोन्ही हातांनी पिळून पाहावा. सांधा हलत असेल, तर तो आवळून घट्ट होतो की झिजलेलाच आहे, हे तपासावे. नंतर स्वतःचा कॅमेरा सर्वांत लांब भिंगासह बसवावा, त्याच्या पडद्यावर दृश्य मोठे करून पाहावे आणि पायाला हलकी टिचकी मारावी. चित्र क्षणात स्थिरावले तर उत्तम. ते बराच वेळ थरथरत राहिले, तर वस्तू कितीही देखणी असो, ती कामाची नाही.

यानंतर झीज पाहावी. उष्ण, दमट हवेत लाकडाला वाळवी व कीड लागते. पावसाळ्यात ते फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि सांधे सैल होतात. स्क्रूंभोवतीच्या चिरा म्हणूनच बारकाईने पाहाव्यात. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांवर पांढरी भुकटी दिसल्यास ती गंजाची खूण समजावी. नळ्यांमधील फायबरचे वा प्लॅस्टिकचे बुश झिजले, की कळ आवळूनही पाय घसरतो आणि कॅमेरा जमिनीवर येतो. बुश मिळत असतील किंवा लेथवर वळवून देणारा कारागीर ओळखीचा असेल, तर हा दोष क्षम्य, एरवी नाही.

माथ्यावरील स्क्रूबाबत मात्र जुनी वस्तू सहसा निराश करीत नाही. कॅमेऱ्याचा स्क्रू १/४ इंचाचा व इंचाला २० आट्यांचा, किंवा ३/८ इंचाचा व १६ आट्यांचा असतो. ही मापे जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून आली. पुढे आलेल्या अमेरिकी आट्यांचा कोन ५५ अंशांऐवजी ६० अंशांचा असला, तरी या मापांत आट्यांची संख्या तीच राहिल्याने जुने-नवे एकमेकांत बसतात. मोठ्या मापाच्या स्क्रूसाठी तयार बुश मिळतो. काळजी घ्यायची ती लांबीची. स्क्रू साडेपाच मिलिमीटरपेक्षा आखूड असावा, अशी सूचना काही कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांत असते. जुना लांब स्क्रू बळेच फिरवल्यास कॅमेऱ्याचे बूड दुखावते.

पाय आणि डोके यांचा विचार वेगवेगळा करावा. पाय दीर्घायुषी असतात, डोके तसे नसते. तेलाच्या आधारे संथ फिरणाऱ्या डोक्यातील तेल कालांतराने घट्ट होते किंवा झिरपून जाते, आणि कॅमेरा झटकन बसवण्याची पट्टी हरवली असल्यास तशीच दुसरी मिळणे कठीण. अनेक जुन्या तिपायांचे डोके सुटे होते. तेथे नवे बसवता येते.

शेवटी सरळ हिशेब मांडावा. मागितलेली किंमत, दुरुस्ती आणि नवे डोके यांची बेरीज त्याच ताठरपणाच्या नव्या तिपाईच्या किमतीपेक्षा बरीच कमी असेल, तर खरेदी योग्य. तिचे वजनही हिशेबात धरावे. १९९० च्या दशकापासून कार्बन तंतूंचे हलके पाय उपलब्ध झाले आहेत. डोंगर पायी चढणाऱ्याला तेच सोयीचे. घरात, स्टुडिओत किंवा वाहनातून जाऊन काम करणाऱ्याला मात्र जुन्या तिपाईचे वजन हाच तिचा गुण वाटेल. जी तिपाई जड म्हणून घरीच राहते, ती कितीही निश्चल असली तरी एकही चित्र वाचवीत नाही.