गेटपासून पोर्चपर्यंत

आमचं घर बेळगावात वडगावच्या बाजूला. पूर्वी इथं भाताची शेतं होती, त्यामुळं माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. गेटपासून पोर्चपर्यंत शहाबादी फरशी होती. गाडी घेतली आणि वर्षभरात निम्म्या फरश्या तडकल्या. खालची माती बसली की फरशी अधांतरी राहते, आणि मग चाकाचं वजन ती कसं पेलणार?

२०१९ च्या एप्रिलमध्ये सुट्टी लागली तसं आम्ही काँक्रीट घालायचं ठरवलं. काही गोष्टी नीट केल्या, त्या आधी सांगते. जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून त्यात गाडी उभी केली आणि दोन्हीकडची दारं उघडून पाहिली. गाडी साडेपाच-पावणेसहा फूट रुंद असली तरी माणसं उतरायची तर १० फूट लागतातच. सासूबाई काठी घेऊन चालतात, म्हणून पोर्चची पायरी काढून तिथं १ फुटाला १ इंच असा सौम्य चढ दिला. काळी माती फूटभर उकरून टाकली, मुरूम थराथरानं पाणी मारून ठोकून घेतला, खडी पसरली आणि वर ४ इंच काँक्रीट. दहा दिवस विहिरीचं पाणी मारलं. पेव्हर ब्लॉक घालावेत असं आमच्या ह्यांचं म्हणणं होतं. गाडीसाठी ६० मिलिमीटरचे ब्लॉक चालतात, आणि पुढं पाइप फुटला तर ते उचलून परत बसवता येतात. पण त्यांच्या फटींतलं गवत कोण काढणार, असं म्हणून मीच ते मोडून काढलं. काँक्रीटमध्ये १० फुटांवर सांधे सोडायचे असतात, ते मात्र कुणालाच सुचलं नाही. दिवाळीच्या आत मधोमध आडवी भेग पडली, ती अजून आहे.

खरी चूक उताराची झाली. आमच्या समोरच्या रस्त्यावर थरावर थर डांबर पडून रस्ता अंगणापेक्षा सहा इंच उंच झालेला. अंगणातलं पाणी गेटकडं जाणं शक्यच नव्हतं. मेस्त्रींनी विचार न करता उतार डावीकडच्या कंपाउंडकडं दिला. मीही विचारलं नाही. विचारलं ते भिंतीपलीकडच्या अक्कांनी. काँक्रीट ओलं असतानाच त्या भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "बाई, मळी नीर यल्ली होगताव री?" मी हसून म्हटलं, "मुरतंय की अक्का, जाईल कुठं?"

काँक्रीटमध्ये काय मुरणार! ३० फूट लांब आणि १० फूट रुंद काँक्रीटवर इंचभर पाऊस पडला तर सातशे लिटर पाणी होतं. हा हिशेब मी नंतर केला. त्यात गच्चीच्या पन्हाळीचं पाणीही तिथंच पडायचं. नऊशे चौरस फुटांची गच्ची, म्हणजे आणखी एकवीसशे लिटर. पूर्वी एवढं पाणी अंगणातल्या मातीत, झाडांच्या आळ्यांत, गवतात अडत अडत जायचं. आता ते दहा मिनिटांत भिंतीशी गोळा होऊ लागलं.

त्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बेळगाव जिल्ह्यात कसा पाऊस झाला, ते इथल्या कुणालाच सांगायला नको. एका रात्री भिंतीच्या जुन्या भोकातून आमचं पाणी अक्कांच्या स्वयंपाकघरात शिरलं. सकाळी गेले तर घोट्याएवढं पाणी आणि जोंधळ्याचं पोतं खालून भिजलेलं. अक्का काही बोलल्या नाहीत. मी दुसरं पोतं पाठवलं, ते त्यांनी मुलाबरोबर परत पाठवलं. वीस वर्षांचा शेजार. माझी मुलगी त्यांच्याच कट्ट्यावर कन्नड बोलायला शिकली. त्या परत आलेल्या पोत्यानं मला रात्रभर झोप लागली नाही. त्यांनी भांडण काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

पाऊस उघडल्यावर दुसऱ्या मेस्त्रींना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या पारदर्शक नळीत पाणी भरून गेट, पोर्च, भिंत, रस्ता अशा सगळ्या पातळ्या घेतल्या. हे काम अर्ध्या तासाचं. पहिल्या वेळी झालंच नव्हतं. रस्ता उंच असला तरी रस्त्याकडेच्या गटाराचा तळ आमच्या अंगणापेक्षा फूटभर खाली आहे, हे तेव्हा कळलं! म्हणजे पाण्याला वाट होती, आम्हीच ती शोधली नव्हती. मी शोषखड्डा सुचवला. ते म्हणाले, काळ्या मातीत शोषखड्डा म्हणजे पावसाळाभर भरलेला हौद.

मग भिंतीलगत आमच्या बाजूनं सहा इंच रुंद चर काँक्रीट कापून काढली. गेटच्या आत एक आडवी चर, वर लोखंडी जाळी, म्हणजे रस्त्यावरून आत येणारं पाणीही तिथंच अडावं. दोन्ही चरी एका चेंबरला, आणि तिथून पाइप गटारात. गच्चीची पन्हाळ वेगळी काढून वाळू-खडीच्या टाकीतून विहिरीत सोडली. गाडी उभी राहते तिथलं तेलकट पाणी मात्र विहिरीत अजिबात जाऊ देऊ नका. गेटबाहेर गटारावर बरेच जण कायमचं काँक्रीट ओततात. आम्ही उचलता येतील अशा लाद्या टाकल्या, नाहीतर गाळ कसा काढायचा? भिंतीचं भोक बुजवण्याआधी अक्कांना विचारलं. त्यांनी मान हलवली, एवढंच. दुसऱ्यांदा केलेल्या या कामाला पहिल्याच्या निम्म्याहून जास्त पैसे गेले. नळी आधी लावली असती तर त्यातले बहुतेक वाचले असते.

त्या संक्रांतीला अक्कांकडून तीळ लावलेल्या सज्जीच्या रोट्ट्या आल्या. डब्यातून मी तिळगूळ पाठवला, डबा रिकामाच परत आला.

आता दर वर्षी मृगाचे ढग दिसू लागले, की भिंतीपलीकडून हाक येते, "बाई, जाळी स्वच्छ माडीरेन री?" आणि मी खराटा घेऊन बाहेर पडते.