बाल-आरोग्याचे दीर्घकालीन संशोधन : माहितीची उपलब्धता व गोपनीयता
एकाच गटातील बालकांचे जन्मापासून, किंबहुना मातेच्या गर्भारपणापासून, ठराविक कालांतराने निरीक्षण करून आरोग्याची कारणमीमांसा करणाऱ्या अभ्यासास दीर्घकालीन बाल-आरोग्य संशोधन म्हणतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ मध्ये नजीकच्या सहा खेड्यांत सुरू केलेला मातृपोषण अभ्यास हे याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘सरस’ प्रकल्पात ६,५१३ स्त्रियांची दोन गटांत यदृच्छया विभागणी करण्यात आली. एका गटास गर्भधारणेपूर्वीपासून पालेभाज्या, फळे व दूध यांचा अल्पाहार देण्यात आला. या स्त्रियांच्या अपत्यांची वयाच्या ५ ते १० वर्षांदरम्यान पुन्हा तपासणी झाली.

सरून गेलेले बालपण पुन्हा मोजता येत नाही. म्हणून अशी आधारसामग्री अन्य संशोधकांनाही उपलब्ध होणे हितावह असते. निष्कर्ष पडताळता येतात आणि त्याच प्रश्नासाठी दुसऱ्या बालकाचे रक्त घ्यावे लागत नाही. तथापि केवळ नाव वगळल्याने ओळख लपत नाही. अंधेरी वा घाटकोपरमधील एखादी वस्ती, जन्मतारीख, जन्मवजन व जुळे असणे एवढे तपशील एकत्र आले, तरी शेजाऱ्यास मूल ओळखता येते व मातेचा आजारही उघड होऊ शकतो. उलटपक्षी, पुढील तपासणीची सांगड मागील नोंदींशी घालावयाची असल्याने ओळख समूळ पुसूनही चालत नाही.

यासाठी प्रत्येक बालकास सांकेतिक क्रमांक देतात आणि नावे व क्रमांक जोडणारी सूची वेगळी, मोजक्या व्यक्तींच्या ताब्यात ठेवतात. जन्मतारखेऐवजी वय व वस्तीऐवजी विभाग नोंदतात. नीतिसमितीच्या मान्यतेनंतर, लेखी करार करून, प्रश्नापुरतीच माहिती देणे श्रेयस्कर ठरते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांच्या संमतीखेरीज ७ ते ११ वर्षे वयाच्या मुलाचा तोंडी व त्यापुढे १८ वर्षांपर्यंत लेखी होकार घ्यावा लागतो. सज्ञान झाल्यावर त्याची स्वतःची संमती आवश्यक असते. व्यक्तिगत अंकीय माहितीच्या संरक्षणाविषयीचा केंद्रीय अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. विहित मानके पाळणाऱ्या व विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी माहिती न वापरणाऱ्या संशोधनास त्यात सवलत आहे.

सज्ञान झालेल्या व्यक्तीने नकार दिल्यास पुढील तपासणी थांबवावी लागते. मात्र प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून तिची माहिती काढून घेता येत नाही. ही मर्यादा आरंभीच, पालकांस समजेल अशा भाषेत सांगणे हे संशोधकाचे कर्तव्य होय.