न गोठलेल्या रक्ताचा माग

हृदयात कृत्रिम झडप बसवलेला माणूस ज्या घरात असतो, तिथे एका छोट्या गोळीची वेळ सगळ्यांना पाठ असते. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन झडपा निकामी झालेले असे रुग्ण आपल्याकडे गावोगावी आहेत. गोळी वॉरफरिनची, नाहीतर तिच्याच कुळातल्या ॲसेनोकुमारॉलची. झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून ती घ्यायची, आणि रक्त फार पातळ होऊ नये म्हणून आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याचे माप, तपासत राहायचे. वॉरफरिनचा जन्म औषध कंपनीत झालेला नाही. तो झाला अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या सरकारी विद्यापीठात, तेही कृषी महाविद्यालयात.

मॅडिसन ही विस्कॉन्सिनची राजधानी. मेंडोटा तळ्याच्या काठावरचे इथले विद्यापीठ १८४८ मध्ये स्थापन झाले. १८६२ च्या मॉरिल कायद्याने केंद्र सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवण्याची अट घातली. ती अट विस्कॉन्सिनने मनापासून पाळली. विद्यापीठाचा उपयोग राज्यातल्या प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचला पाहिजे, असे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइस सांगत होते. तिथले संशोधन या आग्रहातूनच वाढले, असे माझे मत आहे.

दुधाचेच पाहा. दूध मापावर विकले जाई, तेव्हा पाणी घालणाऱ्याला आणि सकस दूध आणणाऱ्याला एकच दर मिळे. १८९० मध्ये स्टीफन बॅबकॉक यांनी यावर उपाय काढला. दुधात गंधकाम्ल घालायचे, बाटली यंत्रात गरगर फिरवायची, गरम पाणी ओतायचे. स्निग्धांश बाटलीच्या मानेत वर येतो आणि खुणांवर वाचता येतो. बॅबकॉक यांनी पेटंट घेतले नाही. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये गर्बर यांनी काढलेली पद्धत आपल्याकडे रुजली. पण आज संकलन केंद्रावर ‘फॅट किती लागली’ यावर दर ठरतो, त्यामागचे तत्त्व तेच आहे.

याच बॅबकॉक यांच्या शंकेतून १९०७ मध्ये सोळा कालवडींचा प्रयोग सुरू झाला. कागदावर पोषणमूल्य सारखे, पण एका गटाला फक्त मका, दुसऱ्याला फक्त गहू, तिसऱ्याला फक्त ओट, चौथ्याला तिन्हींचे मिश्रण. मक्यावरच्या कालवडी धष्टपुष्ट झाल्या. गव्हावरच्या खंगल्या आणि त्यांची वासरे जगली नाहीत. रसायनशास्त्राच्या मोजमापात न येणारे काहीतरी अन्नात होते. एल्मर मॅकॉलम यांनी त्याचा शोध उंदरांवर घेतला आणि १९१३ मध्ये मार्गरिट डेव्हिस यांच्यासह आज आपण व्हिटॅमिन ए म्हणतो तो घटक दाखवून दिला. डेव्हिस यांनी सुरुवातीची वर्षे पगाराविना काम केले, हे आवर्जून सांगायला हवे. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांना पेलाग्रा या कुपोषणाच्या रोगावरचा इलाज, निकोटिनिक आम्ल, सापडला. मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरिबांत पेलाग्रा का होतो, याचा तपास पुढे हैदराबादला सी. गोपालन यांनी केला.

आता रक्ताकडे. मेथी आणि लसूणघास यांच्या कुळातले स्वीट क्लोव्हर हे तिकडचे चाऱ्याचे पीक. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात, ओल लागून बुरसलेले हे गवत खाल्लेली जनावरे रक्तस्रावाने मरू लागली. साधे शिंग कापले तरी रक्त थांबेना. कारण वैरणीत आहे हे पशुवैद्यांनी ओळखले होते, पण वैरणीतले नेमके काय, ते कळत नव्हते.

फेब्रुवारी १९३३. मंदीचे दिवस, बाहेर हिमवादळ. एक शेतकरी सुमारे तीनशे किलोमीटर गाडी हाकत मॅडिसनला आला. गाडीत मेलेली कालवड, किटलीभर न गोठलेले रक्त आणि बुरसलेल्या वैरणीचा ढीग. शनिवार असल्याने सरकारी पशुवैद्याचे कार्यालय बंद होते. तो जीवरसायनशास्त्राच्या इमारतीत शिरला आणि कार्ल पॉल लिंक यांच्या दारात उभा राहिला. लिंक यांनी पुढे ही हकीकत स्वतः सांगितली आहे. ती वैरण घालू नका, जमल्यास निरोगी जनावराचे रक्त द्या, याहून जास्त त्या दिवशी त्यांना सांगता आले नाही. शेतकरी तसाच परत गेला.

याला निव्वळ योगायोग म्हणणे मला पटत नाही. स्वीट क्लोव्हरमधल्या कुमारिन या सुवासिक द्रव्यावर लिंक यांचे काम आधीच सुरू होते. प्रश्न घेऊन येणारा माणूस आणि तो ऐकायला तयार असलेला माणूस एका इमारतीत भेटले, कारण ती इमारत दोघांची होती.

उत्तर मिळायला सहा वर्षे लागली. जून १९३९ मध्ये सहकारी हॅरल्ड कॅम्पबेल यांनी ते द्रव्य स्फटिकरूपात वेगळे केले. बुरशी कुमारिनचे रूप बदलते, त्यातून डायकुमारॉल तयार होते. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांसाठी व्हिटॅमिन के लागते. त्याचा शरीरातला फेरवापर हे द्रव्य रोखते. काही वर्षांतच डॉक्टर गुठळ्यांच्या रुग्णांना डायकुमारॉल देऊ लागले.

लिंक यांच्या गटाने तशी शंभरावर संयुगे बनवली. त्यातले एक अधिक तीव्र निघाले आणि १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. विद्यापीठाशी जोडलेल्या वॉर्फ या संशोधन प्रतिष्ठानाने खर्च उचलला होता, म्हणून नाव पडले वॉरफरिन. १९५१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झालेल्या एका तरुणाने जीव द्यायला ते खाल्ले. व्हिटॅमिन के आणि रक्त दिल्यावर तो पूर्ण बरा झाला. उतारा हाताशी आहे, याची खात्री पटली. १९५४ मध्ये माणसांसाठी मंजुरी मिळाली आणि पुढच्या वर्षी हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना ते दिले गेले.

वॉर्फ स्थापन झाले १९२५ मध्ये, हॅरी स्टीनबॉक यांच्या व्हिटॅमिन डीच्या पेटंटांसाठी. त्यांतून आलेला पैसा संशोधनात परत गेला, हे मोलाचे. पण लोण्याच्या धंद्याला धक्का नको म्हणून मार्गरिन या गरिबांच्या लोण्याला त्या पेटंटांचा परवाना नाकारला गेला, आणि १९४० च्या दशकात न्यायालयाने ती पेटंटे रद्दबातल ठरवली. बॅबकॉक यांचा मार्ग मला अधिक सरळ वाटतो.

राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी इथली आपली कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात उभी राहिली. अध्यापन, संशोधन आणि विस्तार, म्हणजे शेतकऱ्यापर्यंत ज्ञान पोहोचवणे, एका छताखाली आणण्याची कल्पना त्याच अमेरिकी घडणीची. तिच्यातली विस्ताराची बाजू शिक्षकांवर उभी असते, आणि आपल्या विद्यापीठांत त्यांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. बुरसलेली वैरण घेऊन आलेल्या शेतकऱ्याला उत्तर द्यायला प्रयोगशाळेत कायम नेमणुकीचा, सहा वर्षे एकाच प्रश्नाला देता येतील असा माणूस हवा. सरकारने या जागा आधी भराव्यात. नव्या इमारतींचे पुढे पाहता येईल.