अर्धलीतून सुटलेली शेळी

मराठवाड्यातल्या एका आठवडी बाजारात व्यापाऱ्याने धष्टपुष्ट काळी शेळी पुढे ओढली. शेळी निवडायला आलेल्या मावशींनी तिचा खालचा ओठ दाबून दात मोजले. "आठ. पुरी जुळलीय. ही नको." दुसरीच्या कासेवरून हात फिरवला, गाठ नव्हती, दोन्ही सड मोकळे होते. शेपटीखाली हगवणीचा डाग नव्हता. चार दातांची ही उस्मानाबादी ठरली. ही जात बऱ्याचदा जुळी देते.

मावशींना शेळी देणाऱ्या संस्थेची एकच अट होती : निवड बाईनेच करायची. निवड कशी करायची, हे मावशींना शिकवावे लागले नाही. वीस वर्षे त्यांनी दुसऱ्याच्या शेळ्या अर्धलीने सांभाळल्या होत्या. चारा-पाणी, राखण मावशींची. करडांत निम्मा वाटा मालकाचा, आणि आई कायम त्याचीच.

शेळीच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला बसला. त्याच्याशिवाय विमा मिळत नाही. मग शेळी दिल्याचा फोटो निघाला. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. ते दिवस कुठल्याच फोटोत येत नाहीत. बाजारातून आलेल्या जनावराबरोबर पीपीआर या रोगाची साथ येऊ शकते, म्हणून पहिले काही आठवडे ते वेगळे बांधायचे. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचायची, कारण कोवळ्या गवतावर तुटून पडलेले चांगले करडूही एका रात्रीत जाते. जनावरांच्या तब्येतीकडे पाहणारी गावची पशुसखी वही घेऊन यायची. "मावशी, जंत पाडायचं औषध कधी दिलं?" हा तिचा पहिला प्रश्न.

पण गरिबाघरची शेळी रोगाने जाते, तशी घरच्यांच्या दवाखान्याच्या बिलापायी विकलीही जाते. म्हणूनच बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेने 2002 पासून जनावरासोबत काही काळ खर्ची, प्रशिक्षण आणि घरभेटी जोडल्या. भारतासह सहा देशांत हीच पद्धत तपासली गेली. 2015 साली 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष आले : मदत थांबल्यावर वर्षभरानेही या कुटुंबांचे खाणेपिणे आणि मिळकत सुधारलेली होती. नुसती शेळी बांधून परतणाऱ्या योजनेकडून ही अपेक्षा कशी धरायची?

पुढच्या खेपेला मी मावशींकडे गेलो तेव्हा शेळी व्याली होती. एक पाट, एक बोकड. बोकड मोठा करून विकायचा, पाट ठेवायची, हे मावशींनी ठरवून टाकले होते.

"अर्धलीत असती, तर ह्यातलं एक आज मालकाच्या दारात असतं," त्या म्हणाल्या आणि पाटीला सडाशी लावले.