नारायणगावकरांचा फड

उरणजवळच्या मोरा आणि करंजा या बंदरांतील कोळ्यांची मुले जाळे सांधण्याची विद्या कोठे शिकली, असे कोणी विचारले, तर त्यांना शाळेचे नाव सांगता येणार नाही. घरातील वडीलधारी माणसे जाळे घेऊन बसली, की मुले त्यांच्या शेजारी बसतात; प्रथम सूत धरतात, मग गाठ मारावयास शिकतात, आणि एके दिवशी फाटलेले जाळे आपले आपण सांधून टाकतात. अशा विद्येला पिढीजात विद्या म्हणतात. गाणे, नाचणे आणि वाजवणे हीही कित्येक घराण्यांची पिढीजात विद्या असते. महाराष्ट्रातील अशा घराण्यांत नारायणगावकरांचे तमाशाचे घराणे फार नावाजलेले आहे.

नारायणगाव हे पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील, पुणे-नाशिक रस्त्यावरील एक मोठे गाव. या घराण्याचे मूळ आडनाव खुडे. नारायण खुडे यांनी तमाशाचा फड उभा केला व पुढे भाऊ आणि बापू यांनी तो नावारूपास आणला. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' असे त्या फडाचे नाव होते. या नावातील 'मांग' हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. मांग, म्हणजेच मातंग, समाजातील माणसांना त्या काळी गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नसे आणि देवळाची पायरी चढता येत नसे. दिवसा ज्यांची सावलीही नको वाटे, त्यांच्याच ढोलकीवर रात्री सारा गाव डोलत असे! या भावांनी आपली जात लपवली नाही. ती त्यांनी फडाच्या नावातच घातली, आणि ज्या गावात शिरताना मान खाली घालावी लागे, त्या गावात ते नाव मानाने गाजले.

फड म्हणजे एक फिरते गावच होय. मोठ्या फडात शंभराहून अधिक माणसे असतात. त्यांत नाचणाऱ्या व गाणाऱ्या स्त्रिया, ढोलकीवाला, हलगीवाला, सोंगाड्या आणि झीलकरी असतात. त्यांच्या जोडीला तंबू ठोकणारे, स्वयंपाक करणारे आणि गाड्या हाकणारेही असतात. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो आणि चैत्र-वैशाखातील यात्रा उरकेपर्यंत गावोगाव हिंडतो. आज या गावी, तर उद्या त्या गावी. पहाटे खेळ संपला, की तंबू उतरवून पुढची वाट धरावयाची.

खेळाचा क्रमही ठरलेला असतो. प्रथम ढोलकी आणि हलगी यांची जुगलबंदी होते. हलगी हे मातंग समाजाचे पिढीजात वाद्य. तिचा कडकडाट कानी पडताच म्हातारी माणसेसुद्धा घोंगडी घेऊन घराबाहेर पडतात. मग गणपतीचे स्तवन, म्हणजे गण. त्यानंतर गौळण. तीत मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणींची वाट कृष्ण व त्याचे सवंगडी अडवतात. गवळणींची म्हातारी मावशी मात्र पुरुषच रंगवतो, आणि तिच्या बोलण्याने हशा पिकतो. पुढे लावण्या होतात आणि शेवटी वग, म्हणजे नाट्य, रंगते. वगातील संवाद पूर्वी सगळेच्या सगळे लिहिलेले नसत. कथा ठाऊक असे. तिच्यातील बोलणे नटाने त्या त्या वेळी, समोरच्या गावाचा रंग पाहून, उभ्या उभ्या रचावयाचे. ही हजरजबाबी वृत्ती पाठांतराने येत नाही. ज्या मुलाने शेकडो रात्री रंगमंचाच्या कडेला बसून ऐकले आहे, त्याच्याच अंगी ती मुरते.

अशाच मुलांपैकी एक होत्या विठाबाई. भाऊंची ही कन्या १९३५ साली पंढरपूर येथे जन्मली, म्हणून विठ्ठलाच्या नावावरून तिचे नाव विठा ठेवले. शाळेत तिची फारशी चमक दिसली नाही. लावणी, गौळण आणि भेदिक गाणी मात्र तिने पाहता पाहता आत्मसात केली. पुढे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव महाराष्ट्रभर गाजले. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा त्यांनी जवानांसाठी खेळ केले. त्यांची एक हकीकत आजही सांगतात. खेळ चालू असतानाच त्यांना प्रसूतीच्या वेदना सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, तेथे मूल जन्मले, आणि थोड्याच वेळात त्या पुन्हा प्रेक्षकांसमोर येऊन उभ्या राहिल्या. खरी गोष्ट कळताच प्रेक्षकांनीच तो खेळ थांबवावयास लावला. त्यांच्या धैर्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच; परंतु खेळ बुडाला तर फडातील एवढ्या माणसांच्या पोटाचे काय, हा प्रश्नही त्या धैर्याच्या पाठीशी उभा होता.

घराण्यातून कला चालत येण्याची अशी रीत इतर देशांतही आहे. स्पेनच्या दक्षिण भागात, आंदालुसिया प्रांतात, फ्लामेंको नावाचे नृत्य प्रसिद्ध आहे. गिटारच्या सुरावर आणि टाळ्यांच्या ठेक्यावर नर्तक पायांनी जमीन दणाणून सोडतात. ही कला वाढवण्यात तेथील रोमा लोकांचा मोठा वाटा आहे. रोमा लोकांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी भारतातूनच पश्चिमेकडे गेले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झाले आहे. त्या भाषेत पाण्याला 'पानी', नाकाला 'नाक', कानाला 'कान' आणि माणसाला 'मनुश' म्हणतात! या लोकांचाही स्पेनमध्ये फार छळ झाला. १७४९ साली तर राजाच्या हुकमाने त्यांतील हजारो स्त्रीपुरुषांना पकडून बंदीत टाकले. त्यांच्यातील एल फारुको हे नामांकित नर्तक १९९७ साली वारले. त्यांची कन्या ला फारूका हीही नर्तकी, आणि नातू फारुकितो, म्हणजे 'छोटा फारुको', हा बालपणीच आजोबांबरोबर रंगमंचावर उभा राहिला. नारायणगाव व सेव्हिल यांच्यामध्ये हजारो कोसांचे अंतर असले, तरी दोन्हीकडच्या मुलांनी नृत्याचा पहिला धडा घरातच घेतला.

मान आणि धन यांची मात्र नेहमीच गाठ पडते असे नाही. विठाबाईंचा १९५७ व १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला. तथापि लाखो लोकांना रिझवणाऱ्या या कलावतीला उतारवयात पैशाची चणचण सोसावी लागली, आणि अखेरच्या आजारात रुग्णालयाच्या खर्चासाठी लोकांनी वर्गणी दिली. १५ जानेवारी २००२ रोजी त्या वारल्या. २००६ साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. हे योग्यच झाले, परंतु थोडे आधी झाले असते तर अधिक बरे वाटले असते.

विठाबाईंच्या मागे त्यांची विद्या नाहीशी झाली नाही. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड नावारूपास आणला आणि मंगलाबाईंचे पुत्र नितीनकुमार आईबरोबर रंगमंचावर उतरले. आता प्रेक्षकांपुढे चित्रपट आहे, दूरदर्शन आहे, हातातला फोन आहे; त्यामुळे फडांनाही नवी गाणी, नवे दिवे आणि मोठे रंगमंच स्वीकारावे लागले. जुन्या रसिकांना त्यांतील सारेच आवडते असे नाही.

नारायणगावला 'तमाशाची पंढरी' म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे निरनिराळ्या फडांच्या राहुट्या लागतात. दूरदूरच्या गावांचे पंच तेथे येतात, घासाघीस करतात आणि आपल्या यात्रेची सुपारी देतात, म्हणजे तारीख ठरवून इसार देतात. २०२० साली करोनाची साथ आली आणि यात्रा बंद झाल्या; पुढच्या वर्षीही तेच झाले. तंबू गुंडाळलेले राहिले, ढोलक्या खुंटीला टांगल्या गेल्या, आणि कित्येक कलावंत मोलमजुरीला लागले. २०२२ च्या चैत्रात यात्रा पुन्हा भरू लागल्या, तेव्हा त्यांनी ढोलक्या खुंटीवरून काढल्या, शाई भरून त्या पुन्हा स्वरात लावल्या, आणि फड गाड्यांत बसून निघाले.