तेरा वर्षं आधीची बांधबंदिस्ती

२०२५च्या राखीपौर्णिमेला, ९ ऑगस्टच्या शनिवारी, डेबियन या संगणकप्रणालीची नवी आवृत्ती बाहेर पडली. 'डेबियन १३' हे तिचं कागदोपत्री नाव आणि 'ट्रिक्सी' हे पाळण्यातलं. डेबियनमध्ये बारसं आधी होतं आणि आवृत्ती मागून येते. नाव ठेवलं जातं ते 'टॉय स्टोरी' या चित्रपटमालिकेतल्या पात्रांवरून. १९९०च्या दशकात प्रकल्पाची धुरा सांभाळणारे ब्रूस पेरेन्स हे चित्रपट काढणाऱ्या पिक्सारमध्येच नोकरीला होते, तेव्हापासूनची ही चाल. ट्रिक्सी म्हणजे तिसऱ्या भागातली निळी ट्रायसेराटॉप्स. कायम अर्धवट, कायम घडत असलेल्या आवृत्तीला मात्र एकच नाव आहे, सिड. खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा!

डेबियनचं नाव न ऐकलेल्यांनीही ते वापरलेलं असतं. उबुंटू ही प्रणाली त्यावरच उभी आहे. शाळकरी मुलांच्या हातात दिसणाऱ्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाची प्रणालीही त्यावरच बेतलेली आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकातल्या काही लॅपटॉपवर २०१३मध्ये विंडोज काढून डेबियन घातली गेली. आणि डेबियनमागे कुठलीही कंपनी नाही. इयन मर्डॉक या पर्ड्यू विद्यापीठातल्या विद्यार्थ्यानं १६ ऑगस्ट १९९३ रोजी हा प्रकल्प जाहीर केला. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन यांची नावं जोडून 'डेबियन' झालं. आज जगभर पसरलेले सुमारे हजार अधिकृत विकासक आणि त्यांना हातभार लावणारे कितीतरी जण हा गाडा ओढतात. त्यातले बहुतेक घरचं काम सांभाळून, बिनपगारी.

दोन वर्षं, एक महिना आणि तीस दिवस खपून त्यांनी जे उभं केलं, त्याचा आकार थक्क करणारा आहे. ट्रिक्सीत ६९,८३० पॅकेजं आहेत. पॅकेज म्हणजे बांधून तयार ठेवलेला सॉफ्टवेअरचा पुडा. मागितला की संगणकावर येऊन आपल्या जागी बसतो. १४,१००हून अधिक पुडे या वेळी नवे आले, ४४ हजारांवर सुधारले गेले आणि ८,८४०हून अधिक जुने काढून टाकले. साऱ्या प्रोग्रॅमच्या ओळी मोजल्या तर १४६ कोटी भरतात. जवळजवळ भारतातल्या प्रत्येक माणसामागे एक ओळ.

नवं काय, असं विचारलं की आधी पडद्यावरच्या गोष्टी सांगितल्या जातात. त्या आहेतच. ग्नोम ४८ आणि केडीई प्लाझ्मा ६.३ हे डेस्कटॉप आहेत, लिबरऑफिस २५.२ आहे, पायथॉन ३.१३ आहे आणि खाली लिनक्सचा ६.१२ हा दीर्घकाळ सांभाळला जाणारा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आहे. पण या आवृत्तीतलं सगळ्यात मोलाचं काम डोळ्यांना दिसतच नाही.

ते काम आहे काळाचं.

लिनक्सच्या जातकुळीतल्या प्रणाली वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून, ग्रिनिच वेळेप्रमाणे, सेकंदांत. किती सेकंद झाले तो आकडा एका ठरावीक मापाच्या खणात ठेवतात. जुन्या प्रणालींत हा खण ३२ बिटांचा. त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढा आकडा मावतो. मंगळवार, १९ जानेवारी २०३८. भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले की खण काठोकाठ भरेल. पुढच्याच सेकंदाला आकडा उलटून उणे होईल आणि त्या यंत्राच्या लेखी तारीख असेल डिसेंबर १९०१ची.

२०३८ अजून लांब आहे, असं वाटतं. पण पुढच्या तारखांचे हिशेब आजच मांडावे लागतात. २०२५ साली उघडलेल्या पीपीएफ खात्याची पंधरा वर्षं २०३८च्या पलीकडे जातात, वीस वर्षांचं गृहकर्जही जातं. असा हिशेब ३२ बिटांच्या खणात करणारा प्रोग्रॅम आजच चुकेल. शिवाय भिंतीत, मीटरमध्ये, कारखान्याच्या पॅनेलमध्ये बसवलेली छोटी यंत्रं एकदा लागली की पंधरा-पंधरा वर्षं कुणी उघडून पाहत नाही.

६४ बिटांच्या संगणकांवर हा खण आधीच मोठा होता. अडचण होती ती ३२ बिटांच्या एआरएम प्रोसेसरवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांची. तिथे खण वाढवायचा तर नुसती एक ओळ बदलून भागत नाही. एक प्रोग्रॅम दुसऱ्याला वेळ सांगतो, दुसरा तिसऱ्याला. एकानं मोठा खण धरला आणि दुसऱ्यानं लहान, तर दोघांचं बोलणंच तुटतं. त्यामुळे वेळेशी संबंध असलेल्या साऱ्या लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ते कोडचे साठे, एकदमच बदलाव्या लागल्या. २०२४च्या सुरुवातीला हे काम हाती घेतलं तेव्हा हजारो पॅकेजं नव्यानं बांधावी लागली. बदललेल्या लायब्ररींच्या नावापुढे 'टी६४' अशी शेपटी जोडली गेली आणि कित्येक आठवडे विकासशाखेची घडी विस्कटलेली राहिली. आज ट्रिक्सीत जुन्या ३२-बिट इंटेल शाखेचा अपवाद सोडला तर सगळीकडे मोठा खण आहे. तो अपवादही जाणूनबुजून ठेवलेला. ती शाखा उरली आहे तीच मुळी जुने प्रोग्रॅम चालवण्यासाठी, आणि खण बदलला तर तेच बंद पडतील.

हे निस्तरणं चालू असतानाच घरात चोर शिरल्याचं कळलं. मार्च २०२४ची गोष्ट. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड डेबियनच्या सिड शाखेवर काही मोजमापं घेत होते. दूरच्या संगणकात शिरण्याच्या एसएसएच या दारावर त्यांना एक खटका जाणवला. एरवी तीन दशांश सेकंदांत होणारं काम आठ दशांश सेकंद घेत होतं. अर्धा सेकंद म्हणजे पापणी लवण्याहून थोडाच जास्त वेळ, पण फ्रॉइंड यांनी तो सोडला नाही. माग काढत ते 'एक्सझेड' या फायली दाबून लहान करणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरपाशी पोचले. आत चोरदरवाजा होता. तो ठेवणारानं 'जिया टान' या नावानं दोन वर्षांहून अधिक काळ मन लावून काम केलं होतं, विश्वास कमावला होता आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत विष कालवलं होतं.

२९ मार्चला हे जाहीर झालं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते पोचलंच नव्हतं. इथे नवा पुडा आधी सिडमध्ये येतो, काही दिवस गंभीर दोष न दिसता गेले तर चाचणीशाखेत सरकतो, आणि स्थिर होण्याआधी कित्येक महिने गोठवून तपासला जातो. ट्रिक्सीची गोठवणीच मार्च ते जुलै २०२५ अशी टप्प्याटप्प्यानं चालली. 'डेबियन जुनाट असते' ही तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते. त्या संथपणाची किंमत त्या आठवड्यात साऱ्यांना कळली. विषारी पुडा मागे घेताना डेबियननं त्याला दिलेला क्रमांक होता '५.६.१+रियली५.४.५'. नाव नव्याचं, माल जुना आणि खात्रीचा. आवृत्तीचा क्रमांक मागे नेता येत नाही, म्हणून असा दिला, आणि जे केलं ते नावातच लिहून ठेवलं.

याच धाग्यातलं आणखी एक काम म्हणजे पुनर्बांधणीची पडताळणी. उघडा असलेला सोर्स कोड आणि प्रत्यक्ष हातात येणारा बांधलेला पुडा, हे दोन्ही एकच आहेत कशावरून? उपाय असा की तोच कोड दुसऱ्या कुणी दुसऱ्या यंत्रावर बांधला तरी बिटाचाही फरक पडू नये. डेबियनमधली माणसं गेली दहा-बारा वर्षं यासाठी झटत आहेत. ट्रिक्सीत आता असं साधन आहे की आपल्या संगणकावरची कोणती पॅकेजं या कसोटीला उतरली, ते कुणालाही पाहता येतं. एक्सझेडचं विष मूळ सामानातच कालवलेलं होतं, त्यामुळे एवढ्यानं ते पकडलं गेलं नसतं. पण बांधणाऱ्या यंत्रावर कुणी हात मारला तर तो उघडा पडेल.

रोजच्या वापरातले बदल त्या मानानं लहान, पण सुखाचे. पॅकेजं आणणारा ॲप्ट आता ३.० झाला. काय बसणार ते हिरव्यात आणि काय निघून जाणार ते लाल अक्षरांत दाखवतो. काळ्या पडद्यावर डोळे ताणून, भलतंच काही उडत तर नाही ना, हे शोधणाऱ्याला ही लाल ओळ फार मोठा आधार आहे. 'टीएमपी' हा तात्पुरत्या फायलींचा फोल्डर आता डिस्कवर न राहता मेमरीत राहतो. काम झपाट्यानं होतं, पण संगणक बंद केला की आतलं सगळं गेलं. नव्यानं डेबियन टाकली असेल तर दहा दिवस हात न लागलेली फाईलही तिथून आपोआप पुसली जाते. त्या फोल्डरात कामाचे कागद ठेवण्याची सवय असेल तर ती आजच मोडावी.

काही निरोपही आहेत. निव्वळ ३२ बिटांच्या जुन्या इंटेल-एएमडी संगणकांसाठी ट्रिक्सीत ना इन्स्टॉलर आहे, ना कर्नल. असा संगणक असेल त्यानं डेबियन १२वरच थांबावं. आणि एक स्वागतही आहे. रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेला पहिल्यांदाच अधिकृत जागा मिळाली. प्रोसेसरची ही भाषा वापरायला कुणाला परवानाशुल्क द्यावं लागत नाही. भारताशी तिचं नातं जवळचं आहे. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' त्याच रचनेवर आधारलेला आहे आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकच्या 'वेगा' मालिकेतले प्रोसेसरही.

मराठी वाचकासाठी सांगायचं तर इन्स्टॉलरच्या अठ्ठ्याहत्तर भाषांत मराठी आहे. डिस्कचे भाग पाडण्यापासून पासवर्ड ठरवण्यापर्यंतचे प्रश्न देवनागरीत विचारले जातात. लिबरऑफिससाठी मराठी मेनूचं पॅकेज आहे आणि रेड हॅटच्या पुण्यातल्या चमूनं वर्षानुवर्षं सांभाळलेला 'लोहित देवनागरी' हा फाँटही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची सुरक्षासेवा संपली आणि विंडोज ११च्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट संगणक अडगळीत जायच्या वाटेवर आले. त्यातला ६४ बिटांचा कुठलाही संगणक, थोडी मेमरी असली तरी, एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेऊन डेबियनवर पुन्हा कामाला लागू शकतो.

आधीपासून डेबियन वापरणाऱ्यांनी ट्रिक्सीवर जाण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. अकरावरून थेट तेरावर उडी मारता येत नाही, मध्ये बाराची पायरी चढावीच लागते. आणि जुन्या संगणकांवर बूट विभाग, म्हणजे प्रणाली सुरू करणाऱ्या फायलींचा डिस्कवरचा भाग, फार लहान पाडलेला असतो. तिथे किमान ३०० एमबी जागा मोकळी नसेल तर बदल अर्ध्यावर अडकतो. महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून मगच सुरुवात करावी. घाईचं कारण नाही. ट्रिक्सीची देखभाल २०३०पर्यंत चालणार आहे, आणि 'फोर्की' असं बारसं झालेल्या डेबियन १४चं काम तोवर कधीच हातावेगळं झालेलं असेल.