आरपीएमची सुई आणि बोटातली अंगठी

माझ्या भाच्याने वडिलांची जुनी, कार्बुरेटरवाली मारुती ८०० हौसेने जपली आहे. परवा तो एक खोकं घेऊन घरी आला. ‘मामा, टॅकोमीटर आणलाय. रविवारी घरीच बसवतो.’ इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते दाखवणारं हे घड्याळ. त्याच्या गाडीत ते मुळात नाही. मी म्हटलं, ‘बसव, पण आधी ती पुष्कराजाची अंगठी काढ.’

गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. कोरड्या कातडीला तेवढ्याने झटका बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर असतात. पण पाना पॉझिटिव्हवर असताना हातातली अंगठी पाना आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये सापडली, तर शेकडो अँपिअर विजेला अंगठीतूनच वाट मिळते. क्षणभरात ती लालबुंद होते आणि बोट गोलाकार भाजतं. आमच्या अपघात विभागात असा एक तरुण आला होता. ‘फारसं दुखत नाही,’ म्हणत होता. तेच वाईट लक्षण! जखम पांढरट आणि बधिर असली तर भाजणं नसांपर्यंत खोल गेलेलं असतं. सूज आली की बोटाचा रक्तपुरवठाही अडतो. असं झालंच तर अंगठी लगेच काढा, वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरा आणि रुग्णालय गाठा. टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काहीही लावू नका.

म्हणून अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी उतरवायचं. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सर्वांत आधी सोडायची आणि सर्वांत शेवटी जोडायची. निगेटिव्ह आणि गाडीचा पत्रा एकच असतात. त्यामुळे ती सोडताना पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी पडत नाही.

टॅकोमीटरला साधारणपणे चार वायरी असतात. एक किल्ली फिरवल्यावरच वीज येते तिथे, एक पत्र्याला, एक दिव्यासाठी, आणि एक इग्निशन कॉइलच्या निगेटिव्हला. शेवटची वायर इंजिनच्या बाजूने आत आणताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच. तो नसेल तर पत्र्याची धार रोजच्या थरथरीने वायरीचं आवरण कापते. वीज देणाऱ्या वायरीवर, ती जिथून घेतली तिथेच लहान फ्यूज घाला. दहा-वीस रुपयांच्या या वस्तू वगळल्या की शॉर्टसर्किट होऊन गाडी पेटू शकते, आणि त्या जखमा बोटापुरत्या राहत नाहीत.

‘पण हे कायदेशीर आहे ना?’ भाच्याचा प्रश्न रास्त होता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील मूळ रचनेशी जुळणार नाहीत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड ठेवला. टॅकोमीटरने इंजिन, इंधन, रंग, आसनं यांतलं काहीच बदलत नाही. मात्र तो काचेसमोर उभा करून रस्ता झाकू नये. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. दोन सेकंद सुईकडे पाहिलं की ३३ मीटर आंधळेपणाने गेलो.

नव्या गाडीत आणखी एक धोका आहे. १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. आता डॅशबोर्डात आणि अनेक गाड्यांत काचेलगतच्या खांबातही एअरबॅग असते. तिच्या झाकणावर घड्याळ चिकटवलं तर ती फुगताना ते थेट तोंडावर, डोळ्यावर आदळेल. शिवाय एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना कधीही हात लावू नये. अशा गाडीत हे काम अधिकृत सेवा केंद्रातच करून घ्यावं.

भाच्याच्या गाडीत एअरबॅग नाही, पण एक गंमत होती. इंजिन तीन सिलिंडरचं, आणि टॅकोमीटरवरचं बटण ४, ६, ८ एवढंच! चारवर ठेवलं तर सुई खऱ्याच्या पाऊणपट दाखवते. सहावर ठेवलं तर बरोबर निम्मं. त्याने सहावर ठेवलं. रविवारी दुपारी त्याचा फोन आला, ‘मामा, उभ्या गाडीत साडेचारशे दाखवतंय, म्हणजे नऊशे. आणि अंगठी अजून आईकडेच आहे.’